दुसऱ्या बाईची कडी

ता. ६ फेब्रुवारी

प्राध्यापिका बाईंना,

नमस्कार वगैरे काही नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू दर वाक्याला 'ताई, ऐकून तरी घे' म्हणतेस आणि शेवटी बोलत तूच राहतेस. कागदाला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुझं पुस्तक आलं तेव्हा मी ते दुकानात काउंटरवरच मांडलं होतं. डोळे तपासायला येईल त्याला दाखवायचे. 'माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. समाजशास्त्र शिकवते. म्हाताऱ्या माणसांचं घरात कोण करतं, करताना त्या माणसाचं काय होतं, यावर तिचा अभ्यास आहे.' कित्येकांना मी नवा चष्मा डोळ्यावर चढवून त्यातलंच पान वाचायला लावलं. मी स्वतः वाचलं नव्हतं. चष्म्याचं दुकान, घर आणि माई एवढं सांभाळून वाचणार कधी. वाचलं ते माईंनी. माझ्या सासूबाई कशा वाचतात तुला माहीत आहे, मुख्याध्यापिका होत्या तशाच, हातात पेन्सिल घेऊन.

चौथं प्रकरण, 'रिकामी खोली'. त्यातलं 'घर क्रमांक सात'. घड्याळाचं दुकान चालवणारी सून, निवृत्त परिचारिका असलेली सासू, दोन मुलगे. आम्हाला शेंडी लावायला तू चष्म्याची घड्याळं केलीस, शाळेचं इस्पितळ केलंस, माझ्या एकुलत्या एक मुलीचे दोन मुलगे केलेस. आणि घंटा? निवृत्त होताना शाळेने माईंना दिलेली ती पितळी घंटा, जी वाजवून त्या मला दिवसभर बोलावतात, ती तेवढी जशीच्या तशी ठेवलीस. फार गोड वाटली असणार तुला. परिचारिकेकडे शाळेची घंटा कुठून आली, हे तुझ्या एकाही विद्वानाने विचारलं नाही?

आता पुढचं. तू लिहिलंयस की ही सून रोज दुकानात जाताना सासूच्या खोलीला बाहेरून कडी घालते. मी. कडी घालते. छकुले, तुझी जीभ कशी झडली नाही म्हणणार होते, पण तू बोललीसच कुठे, तू छापलंस.

गेल्या वर्षी त्या खोलीची सैल कडी एकदा आपोआप पडली आणि माई दुपारभर आत अडकल्या, हे तुला मीच सांगितलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले कडी जुनी झालीय, सुतार बोलाव. विषय संपला होता. काल रात्रीच्या जेवणाला ह्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, 'त्या दिवशी कडी खरंच आपोआप पडली होती ना?' इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला कधी भाजी अळणी झाली म्हणून विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण घास तोंडात होता, तो गिळला आणि उठले.

आणि माई? आज सकाळी म्हणाल्या, मी लेकीकडे जाऊन येते. बॅगेत पुढच्या थंडीचे कपडेही भरलेत. जाऊन यायला कुणी स्वेटर नेत नाही. त्या गेल्या तर सगळं गाव म्हणेल की सुनेने सासूला कोंडलं आणि सासू जीव घेऊन पळाली. तू आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळव की ती मी नव्हे.

ताई


ता. १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला, आणि खरं सांगू का, थोडं हसूही आलं. घंटेचं तू म्हणतेस ते बरोबर आहे, ती राहायला नको होती. बाकीचं मात्र तू समजतेस तसं नाही.

घर क्रमांक सात हे तुझं घर नाही. दुसरीही एक बाई होती, या अभ्यासात मला भेटलेली. तुमची दोन घरं मिळून मी एक घर लिहिलं. आमच्या शास्त्रात असं करतात. माणूस ओळखू येऊ नये म्हणून कधी नाव बदलतात, कधी धंदा, कधी दोघींची मिळून एक करतात. कडी तिची आहे. तुझी नाही. तुझं तोंड झाकायलाच हे केलं आणि तू माझ्यावरच उखडतेस.

ताई, माझ्या बाजूनेही जरा बघ. माझ्या मार्गदर्शकांनी मला कारखान्यातल्या संपांवर पीएचडी करायला लावली, कारण त्यांचा तो विषय. ती केली. मग नोकरी लागल्यावर माझा स्वतःचा प्रश्न घेतला, की घरात म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बायका काय करतात, काय सोसतात, कोणाला सांगतात. विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, 'ह्या आमच्या स्वयंपाकघर-तज्ज्ञ.' शोधनिबंध जमवायच्या वयात मी लोकांच्या ओट्याशी उभी होते. माझे निबंध 'घरगुती विषय' म्हणून परत यायचे. आता कुठे या पुस्तकाला लोक पुस्तक म्हणायला लागलेत. पुढच्या महिन्यात बढतीची समिती बसतेय आणि त्यांच्यापुढे जाणार आहे ते हेच चौथं प्रकरण.

भाऊजींना सांग की कडी दुसऱ्या बाईची आहे. माईंनाही सांग. विषय मिटेल.

छकुली


ता. १७ फेब्रुवारी

छकुली,

सांगितलं. ह्यांना सांगितलं, कडी दुसऱ्या बाईची आहे. ते म्हणाले, 'बरं.' कसं म्हणाले ते तुझ्या शास्त्रात बसणार नाही. माईंना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि परवा त्या गेल्या. नणंद न्यायला आली होती. तिनेही पुस्तक वाचलंय. माझ्या दारात उभी राहून त्या कडीकडे बघत होती, हात लावून, वरखाली करून. सुतारसुद्धा इतकं निरखून बघत नाही.

माझं तोंड झाकायला दुसरीचं तोंड माझ्या धडावर बसवलंस आणि वर मला म्हणतेस उपकार केले. तू ज्यांना ओळखू येऊ नये म्हणतेस ते कोण गं? तिकडचे तुझे विद्वान? ते मला कधी भेटणार आहेत? मला ओळखणारी माणसं मोजकी आहेत आणि त्या सगळ्यांनी मला ओळखलं. त्यांना एवढंच कळलं की दुकान आपलं, घंटा आपली, म्हणजे कडीही आपलीच.

आणि तो संमतीचा कागद. माझे हात ओले होते, तू ओट्यावर कागद ठेवलास. 'सही कर गं ताई, नुसता उपचार आहे.' मी वाचलासुद्धा नाही. बहिणीने पुढे केलेला कागद कोण वाचतं? दोन महिने माझ्या घरात राहिलीस. मला वाटलं तू दमलीस, तुला चार दिवस माहेरासारखं वाटावं. तुझ्या आवडीचं करून घालत होते आणि तू माझं निरीक्षण करत होतीस.

आता एकच कर. त्या बाईचं नाव सांग. कुठे राहते, कोण आहे. ह्यांना आणि नणंदेला मी तिच्या दारात नेऊन उभं करते, कडी दाखवते. त्याशिवाय हे मिटत नाही. नुसतं 'दुसरी बाई' म्हटलं तर कोणीही म्हणेल, बहिणीने बहिणीला पाठीशी घातलं.

ताई


ता. २३ फेब्रुवारी

ताई,

नाव सांगणार नाही.

समितीला सांगणार नाही, कोर्टाने विचारलं तरी सांगणार नाही आणि तुलाही नाही. त्या बाईच्या सासूला घर सापडत नसे. एकदा ती हमरस्त्यावर गाड्यांच्या मधोमध उभी सापडली. ही कामावर गेली नाही तर घर चालत नाही आणि गेली तर सासू जाते. म्हणून कडी. रोज कडी घालताना ती दाराला कपाळ टेकवून उभी राहते, मी पाहिलंय. माझं मनगट धरून म्हणाली होती, कुठे बोलू नका. तिच्या दारात तुम्ही वरात घेऊन जाणार? तुझी अब्रू राखायला तिची उघड्यावर टाकू? मला तुझा संताप समजतो, पण हे मागताना तुला काहीच वाटलं नाही याचा मला संताप आलाय.

आता तू चिडलीच आहेस तर आणखी एक विचारते. दोन पत्रं लिहिलीस, दोन्ही कडीने भरलेली. त्याच पानावर, कडीच्या खाली, आणखी एक वाक्य आहे. 'सासूबाईंची खोली रिकामी झाली की मी तिथे एक खुर्ची टाकणार आहे आणि दार लावून नुसती बसणार आहे. घंटा नाही, काही नाही.' हे त्या बाईचं नाही. हे तुझं आहे, शब्दन्शब्द. प्रकरणाचं नाव त्यावरूनच आहे. जे तू केलं नाहीस त्यावर एवढा कंठशोष आणि जे बोललीस त्यावर मूग गिळून बसलीस, ते का?

आणि त्यात लाज वाटण्यासारखं आहे काय? मला ते वाक्य तुझ्या तोंडून ऐकून भरून आलं होतं. हजारो बायका हेच म्हणत असतील, मनातल्या मनात. कोणीतरी लिहायला नको?

माईंना मी तुझ्या नणंदेच्या पत्त्यावर सविस्तर पत्र टाकलं आहे. दोन घरांचं एक कसं केलं, का केलं, सगळं समजावून.

छकुली


ता. १ मार्च

ते वाक्य मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माईंनी पेन्सिलीने त्याच्याखाली रेघ मारली होती. कडीखाली नाही. मला ते दिसलं होतं.

ते मी बोलले होते, हो. सकाळपासून घंटा वाजत होती, दुकानात माणूस आला नव्हता, माझी कंबर धरली होती. पण ते मी कुणाला सांगितलं होतं? तुझी वही त्या वेळी दुसऱ्या खोलीत होती. तुझ्या हातात फडकं होतं, तू माझ्याबरोबर भांडी पुसत होतीस. भांडी पुसणाऱ्या छकुलीला सांगितलं होतं मी ते. फडकं ठेवून वहीकडे कधी गेलीस गं?

हजारो बायकांचं मला सांगू नकोस. त्या हजारो मनातल्या मनात म्हणतात. माझं तेवढं मनातून बाहेर काढलंस आणि माझ्या सासूच्या हातात दिलंस.

आता पत्र नको.


ता. ९ मार्च

चि. छकुलीस,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम.

तुझं सहा पानी पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, मजकूर लांबला आहे. शाळेत असतीस तर अर्धं कापायला लावलं असतं. मी लेकीकडे आहे, तब्येत ठीक आहे, आणि तुझ्यावर मी अतिशय रागावले आहे. कशासाठी ते तुला कळलेलं नाही हे तुझ्या पत्रावरून दिसतं, म्हणून लिहिते.

कडीपासून सुरुवात करू. कडीचं मला कोणी काही समजवायची गरज नाही, कारण त्या दिवशी दार मी आपटलं होतं. रागाने. सुनेवर. कशावरून ते आता आठवत नाही, काहीतरी चहाचं होतं. ती दुकानात निघाली आणि मी आतून दार असं आपटलं की बाहेरची कडी पडली. मग अडकले. आपणच आपटलेल्या दाराआड अडकले हे सांगायला लाज वाटली म्हणून सगळे कडीला नावं ठेवत होते तेव्हा गप्प राहिले. काल मुलाला फोन करून सांगितलं आहे. बायकोवर संशय घेतलास म्हणून त्याची हजेरीही घेतली. पन्नाशी उलटली तरी बोलणी खायची वेळ आली, तो बिचारा 'हो माई, हो माई' करत होता.

दुसरं. तू माझ्या घरात दोन महिने होतीस. म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास करायला. सुनेला विचारलंस, मुलाला विचारलंस, नातीला विचारलंस. मला तू काय विचारलंस? 'माई, चहा घेणार का?' तुझं ते प्रकरण मी दोनदा वाचलं. माझ्यावर आहे आणि त्यात मी एक शब्द बोलत नाही. खिडकीशी बसते आणि घंटा वाजवते. उभा जन्म मी शाळा चालवली आणि तू मला परिचारिका केलंस, ते एक वेळ चालेल. पण मला मुकी केलंस. मला विचारलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं की घंटा पुष्कळदा कामासाठी नसते. सून आली की खोलीत थोडी हवा हलते. एवढं सरळ सांगता येत नाही, म्हणून पाणी मागायचं.

तिसरं, ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. ते खुर्चीचं वाक्य. तू पत्रात पानभर लिहिलंस की ते 'व्यापक सत्य' आहे, मी ते मनाला लावून घेऊ नये. मनाला लागलं. का नाही लागणार? माझी खोली रिकामी होणं म्हणजे काय ते मला कळतं. घरात राहवेना म्हणून इकडे आले.

पण इथे बसून विचार करता मला सुनेचा राग येईना. मीही सून होते. माझ्या सासूबद्दल मी माझ्या थोरल्या बहिणीला याहून वाईट बोलले आहे, याहून पुष्कळ वाईट. कपडे वाळत घालता घालता. तिने ऐकलं, चिमटा लावला आणि म्हणाली, हं, पुढचं दे. तेवढं बोलून मी घरी जाऊन सासूचे पाय चेपायला बसायची, आणि मनापासून चेपायची. ते बोलायला मिळालं नसतं तर चेपले नसते. माझी बहीण गेली तेव्हा ते सगळं तिच्याबरोबर गेलं. माझ्या सुनेला अशी एकच जागा होती, ती तू होतीस. ती जागा तू चव्हाट्यावर मांडलीस. तुला पदवी आहे, बढती मिळेल, हे एवढं साधं तुला कळू नये याची मला चीड येते. तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलंही नसतं.

ते वाक्य पुस्तकातून काढून टाक. कडी राहू दे, त्या बाईचं तू बरोबर केलंस, तिचं नाव कुणालाही सांगू नकोस. आणि माझ्या सुनेशी मी काय बोलायचं ते माझं मी बघेन. तू मधे पडू नकोस, समजावायला तर मुळीच जाऊ नकोस.

आशीर्वाद.

माई


ता. १६ मार्च

ती. माईंना सा. नमस्कार,

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला बसले आणि दर वेळी समर्थनच लिहिलं जातं. म्हणून थोडक्यात लिहिते.

वाक्य काढायला प्रकाशकांना सांगितलं. ते म्हणाले, प्रत्येक परीक्षणात तेच वाक्य उचललं आहे, ते काढलं तर प्रकरणाच्या नावालाच अर्थ उरत नाही. मग मी दुसऱ्या आवृत्तीतून आख्खं प्रकरणच काढायला सांगितलं. समितीपुढेही ते ठेवलं नाही. विभागप्रमुखांनी कारण विचारलं. मी म्हटलं, त्यातल्या मुख्य व्यक्तीची मुलाखत घ्यायची राहून गेली आहे. ते हसले. म्हणाले, स्वयंपाकघरातही मुलाखती राहतात का. बढती या वर्षी होणार नाही.

मला राग आला आहे, माई. त्यांचा आला, तुमचाही आला, कारण तुम्ही म्हणता ते मला खोडता येत नाही. सगळ्यात जास्त याचा, की ते वाक्य खरंच चांगलं होतं.

ताई माझा फोन उचलत नाही. तुम्ही मधे पडू नकोस म्हणालात, म्हणून पडत नाही.

छकुली


ता. २ एप्रिल

छकुली,

पत्र नको म्हटलं होतं, तरी मीच लिहितेय. माई परत आल्या हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून.

स्वतःच आल्या, नणंदेला बरोबर न घेता. ह्यांनी बॅग उचलायला हात पुढे केला तर म्हणाल्या, 'आधी तिची माफी मागितलीस का?' मागितली होती. चहाच्या कपाकडे बघत, पण मागितली होती.

आल्या आल्या त्यांनी दुकानातली ती हाताची खुर्ची घरी मागवली, गिऱ्हाइकाला बसवून नंबर काढतो ती. त्यांच्या खोलीत, खिडकीशी, पलंगासमोर लावून घेतली. घंटा उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ही वर माळ्यावर टाक. मी खुर्चीकडे बघितलं आणि मला माझं ते वाक्य आठवलं.

त्या म्हणाल्या, 'दुपारी दुकान बंद असतं तेव्हा इथे येऊन बसत जा. खोली रिकामी व्हायला अजून वेळ आहे, तोवर कशाला थांबतेस. मी हाक मारणार नाही, बोलणार नाही. तू नुसती बस.'

प्रकरण काढून टाकलंस आणि बढती गेली, हे माईंनी सांगितलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं, मग पुन्हा वाईट वाटलं. सुट्टी लागली की ये. तुझी खाट आहे तिथेच आहे. माई म्हणतात, त्यांना खूप सांगायचंय, वही घेऊन ये आणि पेन्सिलीला टोक करून ये. मी तुला करून घालीन, दुकान दाखवीन, नव्या फ्रेमा आल्यात त्या दाखवीन. भांडी मात्र माझी मी पुसेन.

पहिल्या दुपारी मी त्या खुर्चीत बसले. दार लावलं. माई ठरल्याप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. शेवटी मीच बोलायला लागले. मग त्याही उठून बसल्या. दुकान उघडायची वेळ टळून गेली, ह्यांचा दोनदा फोन आला, आम्ही उचलला नाही. काय काय बोललो ते तुला लिहिणार नाही.

ताई